ऑर्किडच्या फुलाचा ओठ आणि रोपांची पारख

पावसाळ्याच्या आरंभीं सह्याद्रींतील वृक्षांच्या खोडांवर लोंबणारी सीतेची वेणी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस ऑर्किडचें कुळ अपरिचित नाहीं. या कुळांतील फुलाची सामान्य घडण अशी: बाहेर तीन दलें, आंत दोन पाकळ्या, आणि तिसऱ्या पाकळीचें रूप पालटून झालेला ‘ओठ’. परागीभवन करणारा कीटक बहुधा याच ओठावर उतरतो. बाजारांत फुलाची पारखहि याच घडणीवरून होते.

तीन पाकळ्यांपैकीं एकीचाच ओठ कां व्हावा? फुलाचे अवयव थोड्याशा जनुकांच्या संयोगानें ठरतात, असें कोएन व मायरोविट्झ यांनीं १९९१ सालीं इतर वनस्पतींवरून दाखविलें. पाकळ्या घडविणाऱ्या अशा एका मूळ जनुकाच्या बहुतेक ऑर्किडांत चार प्रती झालेल्या आहेत. या व यांच्या जोडीच्या जनुकांपासून होणाऱ्या प्रथिनांचे दोन संघ बनतात; एक साधी पाकळी घडवितो, दुसरा ओठ, असें तैवानांतील शास्त्रज्ञांनीं २०१५ सालीं सिद्ध केलें. दुसऱ्या संघाचें काम बंद पाडतांच ओठाच्या जागीं पाकळीसारखा अवयव आला. सारांश, जनुकें सर्व पाकळ्यांत तींच असतात. कोणतें कोठें जागें होतें, एवढाच भेद.

या भेदाशीं रोपें विकत घेणाराचा पैसा निगडित आहे. केळीच्या बागाइतदारांस परिचित असलेल्या टिश्यू कल्चरची वाट ऑर्किडच्या बाबतींत फ्रान्समधील मोरेल यांनीं १९६० सालीं दाखविली. एका झाडापासून हजारों रोपें होतात, व तीं सर्व मातृवृक्षासारखींच निघावीं अशी अपेक्षा असते. परंतु फॅलेनॉप्सिसच्या अशा रोपांत क्वचित् दोन्ही पाकळ्यांस ओठाचें रूप येतें. असल्या फुलांत, एरवीं पाकळ्यांत निद्रिस्त असणारें ओठाचें एक जनुक जागें झालेलें २००४ सालीं आढळलें.

हा दोष पानांवरून सहसा ओळखतां येत नाहीं. फूल येईपर्यंत दीड-दोन वर्षें खत, पाणी व सावली यांचा खर्च होऊन चुकतो. संवर्धनाच्या फेऱ्या वाढतील तसा धोकाहि वाढतो. यास्तव मातृवृक्ष कोणता व फेऱ्या किती झाल्या, हें विक्रेत्यास अवश्य विचारावें. आणि त्याच मातृवृक्षाचीं थोडीं रोपें फुललेलीं पाहिल्यावांचून मोठी खरेदी करूं नये.