इम्युनोथेरपी आणि वांशिक भेद

कर्करोगावरील इम्युनोथेरपी म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीकडून कर्कपेशींचा नाश घडवून आणणारी उपचारपद्धती होय. या उपचाराचा गुण आणि दुष्परिणाम मानवसमूहांनुसार बदलतात काय, हा भारताच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आहे. कारण औषधांची प्रचलित मात्रा ज्या चाचण्यांवरून ठरली, त्यांत बहुसंख्य रुग्ण गौरवर्णीय होते.

शरीरातील टी-पेशींवर पीडी-1 नावाचे प्रथिन असते. ते लगामाचे काम करते व कर्कपेशी हाच लगाम खेचून धरतात. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही प्रतिपिंडे तो मोकळा करतात. अशा लगामांवरील संशोधनासाठी जेम्स ॲलिसन व तासुकू होंजो यांना 2018 चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र मोकळ्या सुटलेल्या पेशी कधीकधी अवटू ग्रंथी, आतडे, फुप्फुस, यकृत किंवा त्वचेवरही हल्ला चढवतात.

'आशियाई' या शब्दाची अडचण

पाश्चात्त्य शोधनिबंधांत रुग्णांची विभागणी गौरवर्णीय, कृष्णवर्णीय, आशियाई अशी असते. यांतील 'आशियाई' रुग्ण प्रामुख्याने जपान, चीन व कोरियातील असतात. फुप्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआर या जनुकातील बदल पूर्व आशियात पुष्कळ आढळतो, युरोपात कमी. भारताचे प्रमाण या दोहोंच्या मध्ये आहे. असा बदल असलेल्या गाठींवर इम्युनोथेरपीचा प्रभाव सहसा कमी पडतो. तेव्हा टोकियोतील निष्कर्ष कोल्हापूरच्या रुग्णाला लावणे न्यूयॉर्कचा निष्कर्ष लावण्याइतकेच धाडसाचे ठरते. शिवाय येथे भेद पडतो तो गाठीतील जनुकीय बदलामुळे. वंश ही त्याची केवळ ढोबळ खूण असून, गाठीची तपासणी करणे शक्य असताना खुणेवर विसंबण्याचे कारण नाही.

मुखाच्या कर्करोगाचेही तसेच आहे. पाश्चात्त्य देशांत डोके व मानेच्या कर्करोगांपैकी घशातील अनेक गाठी एचपीव्ही विषाणूमुळे होतात. आपल्याकडे तंबाखू, मावा, गुटखा आणि स्त्रियांमधील मिश्रीची सवय यांमुळे गाल व हिरड्यांचा कर्करोग अधिक दिसतो. तंबाखूच्या पिकासाठी प्रसिद्ध असलेले निपाणी कोल्हापूरच्या शेजारीच आहे, आणि मिश्री तर अजूनही कित्येक घरांत व्यसन मानली जात नाही. हा भेद सवयीचा आहे, रक्ताचा नव्हे.

टाटा रुग्णालयातील चाचणी

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात विजय पाटील, वनिता नोरोन्हा, कुमार प्रभाष व सहकाऱ्यांनी डोके व मानेच्या प्रगत कर्करोगाच्या 151 रुग्णांवर केलेली चाचणी 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. निवोलुमॅबची प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांनी 240 मिलिग्रॅम असते. येथे दर तीन आठवड्यांनी अवघे 20 मिलिग्रॅम औषध तोंडाने घ्यावयाच्या तीन स्वस्त औषधांसोबत देण्यात आले. केवळ तीन औषधे घेणाऱ्यांपैकी एक वर्ष जगलेल्यांचे प्रमाण 16.3 टक्के होते, तर निवोलुमॅबची जोड मिळालेल्यांत ते 43.4 टक्के झाले. तीव्र दुष्परिणाम वाढले नाहीत.

यावरून 'भारतीयांना कमी औषध पुरते' असा अर्थ काढला जातो, तो बरोबर नाही. या चाचणीत पूर्ण मात्रेशी तुलना नव्हती आणि इतर वंशांचे रुग्णही नव्हते. पीडी-1 प्रथिने अल्प मात्रेतही बहुतांशी व्यापली जातात, हे औषधशास्त्राला आधीपासून ठाऊक होते. चाचणीमागची खरी निकड किमतीची होती. पूर्ण मात्रेचा खर्च देशातील फारच थोड्या रुग्णांना पेलतो.

आयआयटी मुंबई व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून घडलेल्या आणि ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळालेल्या नेक्सकार19 या रक्तकर्करोगावरील पेशी-उपचाराबाबतही हीच सावधगिरी हवी. त्यात मज्जासंस्थेवरील गंभीर दुष्परिणाम कमी दिसले. त्याचे श्रेय संशोधक मानवी प्रथिनाशी मिळत्याजुळत्या रचनेला देतात, रुग्णांच्या वंशाला नव्हे.

दुष्परिणाम ओळखताना

त्वचेवरील पुरळ गोऱ्या कातडीवर लाल दिसतो व पाठ्यपुस्तकांतील चित्रेही बहुधा तशीच असतात. सावळ्या त्वचेवर तो जांभळट, करडा किंवा केवळ काळसर दिसतो, म्हणून त्याची नोंद उशिरा होते. नोंदीतच फरक असेल, तर 'अमुक वंशात पुरळ कमी' या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

भारतात क्षयरोगाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. कित्येकांच्या शरीरात क्षयाचे जंतू सुप्त असतात. पीडी-1 चा लगाम सुटल्यावर ते उफाळून आल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. दुष्परिणाम शमवण्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडांमुळेही हा धोका वाढतो. फुप्फुसाचा दाह आणि क्षय या दोहोंत खोकला व धाप ही लक्षणे समान, उपचार मात्र भिन्न. अतिसाराचेही असेच, आतड्याचा दाह साधा संसर्ग समजला जाण्याचा संभव असतो.

हे दुष्परिणाम उपचार थांबल्यानंतर काही महिन्यांनीही उद्भवू शकतात. तोवर मुंबईहून परतलेला रुग्ण गावातल्या डॉक्टरांकडे जातो. त्यामुळे इम्युनोथेरपी घेतल्याची नोंद असलेला कागद रुग्णाने सदैव जवळ बाळगावा आणि कोणत्याही नव्या तक्रारीच्या वेळी तो प्रथम दाखवावा, असे सांगितले जाते.