कुतूहल: कर्करोगाची ढाल काढली तर?

नागभीडच्या धानपट्ट्यात पावसाळ्यात विळ्याला गंज चढतो, तो ऑक्सिजन आणि ओलाव्यामुळे. पेशीतही ऑक्सिजनपासून बनणारे उग्र रेणू अशीच झीज घडवतात. थायोरेडॉक्सिन रिडक्टेजसारखी विकरं ती रोखतात. रक्ताच्या कर्करोगातल्या पेशींत असे रेणू बऱ्याचदा जास्त साचतात, म्हणून त्या या विकरांच्या आधारावरच तगतात. मग हीच विकरं बंद पाडली तर? निरोगी पेशींनाही ती लागतात, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यांच्यावरचा ताण कमी असल्याने त्यांना सावरायला वाव असतो. प्रोमायलोसायटिक रक्तकर्करोगासाठी २००० साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं आर्सेनिक ट्रायऑक्साइड मुख्यतः रोगाचं मूळ प्रथिन मोडतं. प्रयोगशाळेत ते थायोरेडॉक्सिन रिडक्टेजलाही अडवताना दिसलं आहे. अँटिऑक्सिडंट गोळ्या उग्र रेणू शमवून कर्करोगाच्या पेशींनाही ढाल पुरवू शकतात, म्हणूनच उपचार सुरू असताना त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.