खर्जासाठी बदललेली वीणा

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस भुईला टेकू न देता एका पहाऱ्याकडून दुसऱ्या पहाऱ्याकडे सोपविली जाते, हे बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव-मेहकरकडच्या कोणत्याही खेडुताला सांगावे लागत नाही. परंतु त्याच नावाच्या, एके काळी दरबारात मान भोगलेल्या रुद्रवीणेचा नाद आपल्यापैकी फार थोड्यांच्या कानी पडला असेल. 'वीणा' हे नावही मोठे फिरते. समुद्रगुप्ताच्या सुवर्णमुद्रांवर त्याच्या मांडीवर जी दिसते ती धनुष्याकृती, म्हणजे पाश्चात्यांच्या हार्पच्या कुळातली. ती येथून लुप्त झाली आणि तिचे नाव दांडीला भोपळे जोडलेल्या वाद्याकडे वारसाहक्काने आले.

या वाद्याच्या घडणीत विसाव्या शतकात मूलगामी फेरफार करणारे उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर १४ मार्च १९२९ रोजी उदयपूरच्या ध्रुपदियांच्या घराण्यात जन्मले. वडील झियाउद्दीन खाँ महाराणांच्या दिमतीस होते. चिरंजीवांनी मुक्काम केला तो मुंबईत. डागरांच्या ध्रुपदाचा प्राण आलाप, आणि गळा जी मींड सहज घेतो ती तारेवर उमटवायची तर छेडलेला नाद दीर्घकाळ टिकावयास हवा, या एकाच अट्टाहासापायी त्यांनी कलकत्त्याच्या कनाईलाल यांच्या कारखान्यातून मोठ्या भोपळ्यांची, जाड पोकळ दांडीची आणि जाड तारांची वीणा घडवून घेतली व नखी टाकून उघड्या बोटांनी ती छेडू लागले. एवढे धूड खांद्यावर कसे पेलावे? म्हणून दाक्षिणात्य रीतीने ती आडवी समोर घेऊन बसण्याची तजवीज त्यांनी केली. परंपरेचे अभिमानी यावर नाक मुरडणार हे उघड होते. पण त्या वीणेचा खर्ज ज्याने एकदा ऐकला त्याची तक्रार टिकत नाही.

वाद्यसुधारणेचा हेतू मात्र सर्वांचा एक नसतो. वर सांगितलेल्या हार्पच्या कुळातच पाश्चात्य वाद्यकार एरारने १८१० साली हार्पला दुहेरी पेडल देऊन सर्व स्वरपट्ट्यांत संचार करण्याची मुभा दिली. डागरांना संचार नको होता, एकाच स्वरावर अधिक वेळ थांबावयाचे होते.

पनवेलजवळ पळस्पे येथे गुरुकुल उभारून त्यांनी शिष्य घडविले. २८ सप्टेंबर १९९० रोजी त्यांचे निधन झाले; पुत्र बहाउद्दीन पित्याच्याच धाटणीची वीणा वाजवितात. झिया मोहिउद्दीन यांच्या यमनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. वाचकांनी ते अवश्य ऐकावे. मात्र गाडी गाठावयाची असेल त्या दिवशी नव्हे.