आकारी पड जमिनीची राखण कोणाच्या खर्चाने?

जमीन आणि महसूल : लेखांक 7

महसुलाची थकबाकी हा जमिनीवरील पहिला बोजा कसा ठरतो, याचे विवेचन मागील लेखांकात झाले. त्या थकबाकीपोटी जमीन सरकारजमा झाल्यावर तिची देखभाल आणि तिच्यावरील धोक्यांचे निवारण कोणाच्या पैशाने व्हावे, हा प्रस्तुत लेखांकाचा विषय आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 220 प्रमाणे लिलावात जमिनीला बोली लावणारा कोणी पुढे आला नाही, तर जिल्हाधिकारी ती नाममात्र बोलीने शासनासाठी घेऊ शकतात. शेतसारा किंवा तगाई, म्हणजे सरकारने शेतीसाठी दिलेले कर्ज, थकल्यामुळे सरकारकडे आलेल्या अशा जमिनीला महसुली दप्तरात ‘आकारी पड’ म्हणतात.

थकबाकीदाराची जमीन जप्त करून जिल्हाधिकाऱ्यांनी ती स्वतःच्या व्यवस्थापनाखाली घेतली, तर जप्तीचा व व्यवस्थापनाचा खर्च तिच्याच उत्पन्नातून वजा करून उरलेली रक्कम थकबाकीत जमा करण्याची तरतूद संहितेत आहे. आकारी पड जमीन मात्र कसलीच जात नसल्याने तिला उत्पन्न नसते, आणि उत्पन्न नाही म्हणून खर्चाला आधार उरत नाही. मूळ पेच आहे तो इथेच.

शिरवळसारख्या, पुणे–बंगळूर महामार्गालगत वाढलेल्या आणि औद्योगिक वसाहतीमुळे वर्दळीच्या झालेल्या गावात अशी जमीन असेल, तर हा पेच कागदावर राहत नाही. पूर्वी जिथे क्वचित कोणी फिरके, तिथून कामगार आणि शाळेची मुले ये-जा करू लागतात. कठडा ढासळलेली, झुडपांनी तोंड झाकलेली जुनी विहीर किंवा उघडी कूपनलिका अशा वेळी जिवावर बेतू शकते. सरकारी जमिनींची नोंद तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, गाव नमुना 1-ब मध्ये ठेवतात. परंतु विहिरीच्या कठड्याची वेळोवेळी पाहणी करणे हा काही त्या नोंदवहीचा हेतू नाही. निकामी कूपनलिका माती, वाळू, दगडगोटे यांनी तळापासून जमिनीच्या पातळीपर्यंत भरावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच ठरवून दिले आहे. म्हणजे काय करायचे हे ठाऊक आहे. अडते ते पैशापाशी.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 नुसार, जे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 133 होते, सार्वजनिक रस्त्यालगतच्या विहिरीला किंवा खड्ड्याला कुंपण घालण्याचा आणि पडाऊ झाड वा इमारत हटवण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. हा आदेश मालकाला किंवा ताबेदाराला द्यायचा असतो. मालक स्वतः शासन असले, तर शिरवळ ज्या तालुक्यात येते त्या खंडाळ्याच्या तहसीलदारांना दंडाधिकारी म्हणून जो आदेश द्यायचा, तो महसूल अधिकारी म्हणून आपल्याच खात्याने पाळायचा, असा प्रसंग उद्भवतो. निधी नाही ही सबब तिथेही टिकू नये. रतलाम नगरपालिकेच्या 1980 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पैशाच्या टंचाईमुळे स्थानिक संस्थेचे वैधानिक कर्तव्य टळत नाही, असा निर्वाळा दिला, आणि त्यामागील न्याय शासनालाही लागू करणेच उचित होय.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात करथकबाकीमुळे सरकारजमा झालेल्या जमिनींचे व्यवस्थापन काउंटी, म्हणजे जिल्हापातळीवरील प्रशासन, करते. विक्रीचे उत्पन्न स्वतंत्र निधीत जाते आणि त्यातून देखभालीचा खर्च भागवता येतो. महाराष्ट्रातही तसा मार्ग खुला झाला आहे, कारण चालू बाजारमूल्याच्या 5 टक्के रक्कम घेऊन आकारी पड जमिनी मूळ खातेदारांना किंवा त्यांच्या वारसांना परत देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी 2025 मध्ये घेतला. या रकमेचा ठराविक हिस्सा जिल्हानिहाय सुरक्षा निधीत ठेवून, परत न गेलेल्या जमिनींवरील विहिरी बुजवणे, कठडे बांधणे आणि कुंपण घालणे ही कामे त्यातून करावीत. जमीन ताब्यात घेणाऱ्या शासनाने तिच्यावरील धोकाही ताब्यात घेतलेला असतो, आणि तो दूर करण्याचा खर्च शासनानेच सोसला पाहिजे.