पाण्यातून हायड्रोजन : स्वस्त धातूंचे उत्प्रेरक

युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीमागे सुमारे ४.५ किलो हायड्रोजन लागतो. हवेतील नत्राशी त्याचा संयोग घडवून अमोनिया आणि त्यापासून युरिया तयार करतात. आपल्याकडे हा हायड्रोजन मुख्यतः नैसर्गिक वायूपासून मिळतो. वायूचा मोठा भाग आयात होत असल्याने परदेशात भाव भडकले की खताचा खर्च वाढतो. हाच हायड्रोजन पाण्यातूनही काढता येतो. पंजाबातील नांगल येथे १९६० च्या दशकात भाक्रा धरणाच्या विजेवर अशा हायड्रोजनपासून नत्रखत तयार होत असे.

अडचण विजेची

पाण्यातून वीजप्रवाह सोडल्यास ऋणाग्रावर हायड्रोजन व धनाग्रावर ऑक्सिजन सुटतो. १ किलो हायड्रोजनसाठी ९ लिटर पाणी आणि हिशेबाने सुमारे ३९ युनिट वीज लागते. प्रत्यक्षात ५० ते ५५ युनिट खर्च होतात. ही जादा वीज वाचविण्यास उत्प्रेरक मदत करतो. वंगण दिलेल्या गाडीचे ओझे तेवढेच राहते, पण ओढ हलकी होते, तसेच हे आहे. प्लॅटिनम व इरिडियम हे उत्तम उत्प्रेरक, परंतु फार महाग.

स्वस्त पर्याय

आम्लात साधे धातू लवकर झिजतात. अल्कलीयुक्त पाण्यात मात्र निकेल चांगले टिकते.

१) रॅनी निकेल : निकेल व ॲल्युमिनियमचा मिश्रधातू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवतात. ॲल्युमिनियम विरघळून सच्छिद्र निकेल उरते. भुसभुशीत जमिनीत मुळांना जशी अधिक जागा मिळते, तसा येथे पाण्याला अधिक पृष्ठभाग मिळतो.

२) निकेल-लोह : या दोन धातूंच्या क्षारांच्या द्रावणातून निकेलच्या जाळीवर त्यांच्या हायड्रॉक्साइडचा पातळ थर बसवितात. हा थर धनाग्रासाठी उपयुक्त ठरतो.

ही काळजी घ्या

उत्प्रेरक वीज वाचवितो, निर्माण करीत नाही. घातलेल्या विजेइतके काम हायड्रोजन जाळून परत मिळत नाही. म्हणून ‘पाण्यावर चालणारे इंजिन’ अशा जाहिरातींना भुलू नये. हे प्रयोग घरी करू नयेत. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन मिसळला असल्यास ठिणगीने भडका उडतो. मिठाच्या पाण्यातून विषारी क्लोरीन सुटतो.

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे त्याचे उद्दिष्ट आहे. तूर्त आपल्या हाती आहे ती बचत. माती परीक्षणानुसारच युरिया द्यावा. वाचलेली एक गोणी म्हणजे पाण्यातून हायड्रोजन काढण्यास लागणारी सुमारे २२५ युनिट वीज, हे ध्यानात ठेवावे.