वाटीखालची गोळी

जत्रांचा हंगाम सुरू झाला की देवळासमोरच्या पटांगणात खाज्याची आणि खेळण्यांची दुकाने उभी राहतात. या फेरीच्या कडेला पूर्वी एक मनुष्य हटकून बसलेला असे. पुढ्यात अंथरलेले मळकट फडके, त्यावर उपड्या घातलेल्या तीन लाकडी वाट्या, चिंध्यांच्या लहान गोळ्या आणि हातात डमरू. हा गारुडी आता क्वचितच दृष्टीस पडतो. त्याच्याचसारखा दिसणारा दुसरा एक मनुष्य मात्र बाजारांच्या आणि जत्रांच्या आडोशाला अजूनही भेटतो. त्याच्याही पुढ्यात तीन वाट्या किंवा तीन झाकणे असतात, एक गोळी असते. परंतु त्याच्याभोवती मुले नसतात, हातात नोटा धरलेले तरुण असतात. वरवर एकच भासणाऱ्या या दोन खेळांतील अंतर ओळखता येणे नागरिकास अगत्याचे आहे. आणि कायद्याला ते अजून नीटसे ओळखता आलेले नाही, ही आमची तक्रार आहे.

या विषयात आमचा अधिकार आहे, कारण आम्ही स्वतः फसलेलो आहोत. महाविद्यालयात शिकत असताना एका जत्रेत आम्ही या दुसऱ्या मनुष्यापुढे उभे राहिलो. वहाणा घेण्यासाठी घरून मिळालेले वीस रुपये खिशात होते. शेजारच्या एका गृहस्थाने आमच्यादेखत दोनदा पैज जिंकली. गोळी मधल्या झाकणाखाली गेलेली आम्ही या डोळ्यांनी पाहिली होती. तर्कशास्त्राचा विद्यार्थी याहून अधिक पुरावा तो काय मागणार? झाकण उचलले गेले. खाली नुसते फडके होते. वीस रुपये गेले, जुन्या वहाणांनी आणखी एक पावसाळा काढला आणि तो जिंकणारा गृहस्थ सायंकाळी त्याच खेळवाल्याबरोबर चहा घेताना दिसला.

त्यातील इंगित कळावयास पुढे बरीच वर्षे जावी लागली. या खेळाच्या पाश्चात्त्य रूपात अक्रोडाची तीन अर्धी टरफले आणि वाटाण्याएवढी मऊ गोळी असते. टरफल पुढे सरकवताना ती मऊ गोळी त्याच्या मागील कडेखालून दबून बाहेर येते आणि अंगठा व मधले बोट यांच्या चिमटीत सापडते. दुसरे टरफल मागे ओढताना ती तशीच त्याच्याखाली सोडता येते. खाली कापड अंथरलेले असते ते शोभेसाठी नव्हे. कठीण फळीवर गोळी इतक्या सहजपणे निसटत नाही. पाहणारा टरफलावरची नजर क्षणभरही ढळू देत नाही आणि तेथेच चुकतो, कारण गोळीने टरफल केव्हाच सोडलेले असते. पैज लागते त्या वेळी ती तिन्हींपैकी एकाखालीही नसते. तिनांतून एक म्हणजे तिसरा हिस्सा संधी, असा हिशेब मांडणाऱ्याच्या वाट्याला प्रत्यक्षात शून्य येते.

पण या व्यवसायाचे खरे भांडवल बोटांत नसून भोवतीच्या माणसांत असते. एक साथीदार जिंकून दाखवतो. दुसरा खेळवाल्याचे लक्ष नसल्याचे पाहून झाकण किंचित उचलतो आणि तुम्हांलाच खूण करतो. तिसरा रस्त्यावर नजर ठेवतो आणि गिऱ्हाईक कुरकुरू लागले की ‘पोलीस आले’ अशी हाकाटी करून सारा पसारा उधळून देतो. दुसऱ्याचे लक्ष नसताना आपल्याला सत्य कळले आहे, या समजुतीनेच मनुष्य खिशात हात घालतो. भोळा तेथे फसतोच, पण स्वतःस हुशार समजणारा अधिक लवकर फसतो.

आता गारुड्याकडे वळू. त्याची हातचलाखी याहून कमी प्रतीची नसते. किंबहुना अधिक अवघड असते. युरोपातील जादूगार मेजामागे उभा राहतो आणि उंच पेले वापरतो. आपला गारुडी जमिनीवर बसतो आणि मुले त्याच्या हातांपासून वीतभर अंतरावर येऊन टेकतात. त्याच्या उथळ वाटीच्या पाठीवर बोंडासारखी लहान मूठ असते. ती मूठ बोटांत धरून तो वाटी उचलतो, त्यामुळे हात मोकळाच वाटतो. आणि त्या मोकळ्या वाटणाऱ्या हाताच्या बेचक्यात एक जास्तीची गोळी दडलेली असते. प्रेक्षक तीन गोळ्या मोजतो, खेळात चार असतात. वाटी उपडी घालतानाच चौथी आत जाते. डमरू वाजतो, मंत्र पुटपुटला जातो, जमुऱ्याशी थट्टा होते. परंतु काम त्यापूर्वीच उरकलेले असते. अखेरीस गोळी एखाद्या मुलाच्या बंद मुठीतून निघते आणि ज्याची फसवणूक झाली तोच सर्वांत मोठ्याने हसतो.

हा खेळ फार जुना आहे. सुएझमार्गे जाणाऱ्या बोटींवरील उतारूंना आणि खलाशांना पोर्ट सैद बंदरात ‘गली गली’ म्हणून ओळखले जाणारे जादूगार भेटत. ते कोंबडीची जिवंत पिले काढून दाखवीत. त्याच्या कितीतरी आधी, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने एका पत्रात पेले आणि खडे यांच्या खेळाचा उल्लेख केला आहे. त्यात फसवणूकच आनंद देते आणि युक्ती कळली की गोडी संपते, असे त्याचे म्हणणे. हिएरोनिमस बॉश या डच चित्रकाराच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ‘जादूगार’ या चित्रात मेजावर पेले व गोळ्या आहेत. एक प्रेक्षक पुढे वाकून विस्मयाने पाहत आहे आणि त्याच्या मागे उभा असलेला इसम त्याची थैली लांबवत आहे. एकाच चौकटीत चित्रकाराने कला आणि चोरी शेजारी शेजारी उभी केली. चोरीचा पंथ कोठवर जातो हे पाहावयाचे तर अलास्कातील स्कॅग्वे गावाकडे पाहावे. सोन्याच्या शोधात निघालेल्यांना तीन टरफले आणि तीन पत्ते यांवर नागविणारी ‘सोपी’ स्मिथची टोळी तेथे वावरत होती. संतप्त नागरिकांशी झालेल्या चकमकीत जुलै १८९८ मध्ये तो मारला गेला.

आपल्या परंपरेने जादूगाराला हीन लेखलेले नाही. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात मायावी पुरुषाचा दृष्टान्त योजला आहे: दोरावर चढताना दिसणारा वेगळा आणि भूमीवर उभा असलेला खरा मायावी वेगळा. स्वतः पसरलेल्या मायेचा त्याला स्पर्श होत नाही, असेही ते सांगतात. गारुडी हेच साध्या भाषेत बजावतो. मी तुम्हांला फसविणार आहे, असे तो आरंभीच जाहीर करतो, मग फसवतो आणि शेवटी स्वखुशीने द्याल ते घेतो. ठक यातले पहिले वाक्य गाळतो. बोटे तीच, वाट्या त्याच, अंतर त्या एका वाक्याचे. एकाच्या घोळक्यातून मनुष्य आपल्या डोळ्यांच्या मर्यादा ओळखून परततो, तर दुसऱ्याच्या घोळक्यातून रिकामा खिसा घेऊन.

कायद्याचा हिशेब मात्र निराळा आहे. ठकास शासन करण्याची तरतूद आहेच. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणूक ३१८ व्या कलमात गेली, जरी लोकांच्या तोंडी ‘चारसोबीस’ हाच शब्द राहणार. पण मुंबई राज्याच्या १९५९ च्या भिक्षाप्रतिबंधक कायद्याने गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा खेळ करणे या मिषाने सार्वजनिक जागी दान घेणे हीदेखील भीकच ठरविली. गोव्याने १९७२ साली याच वळणाचा स्वतंत्र कायदा केला. दिल्लीस लागू असलेल्या मुंबई कायद्यातील प्रमुख तरतुदी दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरविल्या. १९७२ च्याच वन्यजीव संरक्षण कायद्याने गारुड्याच्या टोपलीतील नाग सुटला, ते योग्यच झाले. त्याच्यापाशी उरल्या त्या या तीन वाट्या. त्यांवर पोट भरणारा मनुष्य कायद्याच्या लेखी याचक, आणि मांडवीच्या पात्रात दिव्यांनी झगमगणाऱ्या जहाजांवर सरकारी परवान्याने चालणारा जुगार मात्र प्रतिष्ठित उद्योग! ही विषमता ज्यांना खुपत नाही त्यांच्यापुढे आम्ही काय बोलावे?

आमची मागणी माफक आहे. रस्त्यावर कला दाखविणे भिक्षेच्या व्याख्येतून वगळावे. देवस्थान समित्यांनी आणि पंचायतींनी जत्रेत जुगाराच्या अड्ड्यांकडे डोळेझाक करण्याऐवजी या कलावंतास चार हात जागा द्यावी. शाळांनी वर्षातून एकदा त्याला मुलांपुढे बसवावे. कारण वाट्यांचा खेळ आता दूरध्वनीच्या पडद्यावरही मांडला जातो. गुंतवणुकीचे आमिष दाखविणारा आधी थोडा नफा हाती पडू देतो, गटातील साथीदार आपण जिंकल्याचे सांगतात आणि मग विचारास वेळ न देता सारी शिल्लक मागितली जाते. जत्रेतल्या त्या फडक्यावर घडत होते तेच, फक्त वीस रुपयांच्या जागी आयुष्यभराची पुंजी.

लहानपणी ज्याच्या मुठीतून गारुड्याने गोळी काढली, त्याला मोठेपणी निदान एवढे आठवेल की डोळ्यांनी पाहिलेले सारेच खरे नसते. हे शिक्षण आम्हांला वीस रुपयांना पडले. गारुडी ते मुलांना चार आण्यांत देत होता.