नमनाची गाडी

फेरीबोटीचा फाळका जयगडच्या धक्क्यावर खाली येतो. आधी दुचाक्या सुटतात, मग रिक्षा, मग बर्फाच्या पेट्यांनी भरलेला मासळीचा टेम्पो. आता चढायची पाळी इकडच्यांची. रांगेतलं सगळ्यांत मोठं वाहन म्हणजे नमन हे कोकणातलं लोकनाट्य करणाऱ्या मंडळाची बस. टपावर ताडपत्रीखाली बांबू, कनाती आणि दोन भोंगे करकचून बांधलेले. बोटीवरचा माणूस हात हलवत ओरडतो, "येऊ द्या, येऊ द्या, अजून थोडी... राहू द्या!" चाकांखाली लोखंड कुरकुरतं, गाडी एका अंगाला किंचित कलते. आतली माणसं निवांत आहेत. पुढच्या बाकावरचे आबा तेवढे मांडीवरच्या मृदंगाला दोन्ही हातांनी धरून बसतात.

वैशाखातली दुपार कलते आहे. शास्त्री नदी इथे समुद्राला मिळते, पाणी रुंद आणि गढूळ हिरवं. मागे वीज प्रकल्पाचं उंच धुराडं, वर किल्ल्याचा तट, समोर तवसाळचा डोंगर. रत्नागिरी तालुका इथे संपतो आणि पाण्यापलीकडे गुहागर तालुका सुरू होतो. आजची सुपारी तिकडची, हेदवीच्या पुढे आत डोंगरात असलेल्या एका गावची. जमिनीवरून जायचं तर लांबचा वळसा घालावा लागतो.

शिमगा उरकला. पालखी सहाणेवरून देवळात गेली, गावच्या खेळ्यांनी, म्हणजे नमन नाचणाऱ्यांनी, आपल्या हद्दीतले मान पुरे केले. त्यानंतर पावसाची पहिली सर येईपर्यंतचे दिवस बाहेरगावचे. कुठे देवळाचा वर्धापनदिन, कुठे सार्वजनिक सत्यनारायण, कुठे नव्या घराची वास्तुशांत. मे महिन्यात चाकरमानी गावाला आलेले असतात, त्यामुळे बघणारेही भरपूर आणि मंडळातली नाचणारी पोरंही हजर. एरवी यातली निम्मी पोरं भांडुप, विरार, दिवा इथल्या खोल्यांतून राहतात आणि लोकलने कामावर जातात.

गाडी पूर्वी एका शाळेची होती. मंडळाने ती जुनी म्हणून घेतली, पिवळा रंग खरवडून निळा दिला आणि कपाळावर ग्रामदेवतेचं नाव रंगवलं. पुढची चार बाकं ठेवून मागची सगळी काढली. त्या जागी गावच्या सुताराने दोन्ही बाजूंना फणसाच्या फळ्यांचे माचे ठोकले. माच्यावर माणसं झोपतात, माच्याखाली ट्रंका सरकतात. एका ट्रंकेत गौळणींची नऊवारी, गंगावनं, बांगड्या. दुसरीत कृष्णाचा मुकुट आणि पितांबर. रावणाची तोंडं कुठल्याच ट्रंकेत मावत नाहीत, म्हणून ती जुन्या चादरीत गुंडाळून छताच्या दांडीला टांगली आहेत. मागच्या दाराशी गॅसची शेगडी, पाण्याचं पिंप, तांदळाची गोण. डायवरच्या पाठीमागे मात्र एक लाकडी पेटी वेगळी ठेवलेली दिसते. तिच्यावर कुणी बसत नाही, पाय लागला तर हात कपाळाला जातो. त्यात संकासुराची टोपी, मुखवटा आणि काळा झगा आहे.

बोट सुटते. पोरं खाली उतरून कठड्याशी उभी राहतात. एकाने खिशातून टाळ काढलेले असतातच. दोन-चार ठोके पडतात, मग कुणीतरी आत बघून म्हणतं, "आबानू, या वो." आबा मृदंग घेऊन येतात आणि गाडीच्या पायरीवर टेकतात. पाण्यावरच्या वाऱ्याने पान ढिलं पडलं आहे. ते हातोडीने गजऱ्यावर हलके ठोके देतात, कान खाली नेऊन ऐकतात, पुन्हा ठोकतात. आवाज जुळला की थाप पडते आणि इंजिनाच्या घरघरीतून ती वर येते. टेम्पोवाला काचेतून डोकं बाहेर काढतो. माहेराला निघालेली एक बाई पोराला कडेवर घेऊन पुढे सरकते. तवसाळ येईपर्यंत एक पूर्ण गण होतो.

"माझ्या बापाच्या वेळेला मृदंग खांद्यावर आणि ट्रंक डोक्यावर," आबा गाडीत चढता चढता सांगतात. "खाडी होडीनं. पलीकडं गेल्यावर चालायचं, दिवस मावळंपर्यंत. मग यष्टी आली. यष्टीत मृदंग मांडीवर घेतला तर चाललं, पर रावणाला कोन घेनार?" महाराष्ट्रात एस.टी. १९४८ साली धावू लागली, कोकणातल्या आतल्या गावांपर्यंत पोचायला तिला पुढची कित्येक वर्षं लागली. आबांच्या पिढीने पायवाट, यष्टी, भाड्याचा ट्रक आणि ही गाडी असं सगळं पाहिलं आहे.

रोहिले, नरवण, हेदवी मागे पडतात. जांभ्याचे कातळ तापलेले आहेत, कडेला रातांबे लालभडक पिकले आहेत. गाडीत माच्यावर समोरासमोर दोन रांगा बसतात आणि संध्याकाळची उजळणी सुरू होते. हे बघताना मला एक गोष्ट पक्की वाटते: गाडी नसती तर हे मंडळ केव्हाच मोडलं असतं. तालमीसाठी गावात घर आहे, देऊळ आहे, पण सगळी माणसं एकाच वेळी तिथे असत नाहीत. कुणी मुंबईहून पहाटे उतरलेला, कुणी आंब्याच्या पेट्या भरून थेट आलेला. सगळे एका जागी सापडतात ते या फळ्यांवर, दोन गावांच्या मधल्या रस्त्यात. नवं पोर इथेच शिकतं. चौदा वर्षांचा एक मुलगा आबांच्या पुढ्यात बसून ट्रंकेच्या पत्र्यावर बोटं वाजवतो, आबा तोंडाने बोल म्हणतात, गाडी खड्ड्यात आदळते, बोल चुकतो, पुन्हा पहिल्यापासून. कलेला अनुदान देताना मंडप, ध्वनियंत्रणा, पोशाख यांचा विचार होतो. डिझेलचाही झाला पाहिजे, कारण ही विद्या प्रवासातच एका हातातून दुसऱ्या हातात जाते.

मुक्कामाचं गाव येतं. देवळामागे कलमांची बाग आहे, जांभ्याच्या गडग्याला लागून विहीर. गाडी आंब्याखाली उभी राहते आणि अर्ध्या तासात तिथे वस्ती होते. दोन कनाती बांबूंना ताणून आडोसा, आत रंगपट. तीन जांभे दगड मांडून चूल पेटते, तिच्यावर काळा चहा, आणि चुलीपासून हातभर अंतरावर मृदंग शेकायला ठेवले जातात. दाढी घोटून घेतलेले दोन बाप्ये आरशासमोर बसून एकमेकांचं गंगावन बांधतात. थोड्या वेळाने ते राधा आणि मावशी होतील. यजमानांकडून जेवण येतं: भात, आमटी, काळ्या वाटाण्यांची उसळ, कोवळ्या फणसाची भाजी. खेळ्यांनी जेवून घ्यायचं, मगच तोंडाला रंग.

रात्री देवळापुढचं अंगण भरतं. दिवे, भोंगे, की-बोर्ड, ऑक्टोपॅड सगळं आहे, कारण आता नमन ‘बहुरंगी’ झालं आहे आणि लोकांना ते हवं असतं. तरी सुरुवात जुनीच. पांढऱ्या झग्यातले, फेटे बांधलेले खेळे दोन रांगांनी उभे राहतात आणि धरतीपासून आकाशापर्यंत, ग्रामदेवतेपासून समोर बसलेल्या माणसांपर्यंत एकेकाला नमन घालतात. मग गण, मग गौळण. मावशी बोलायला लागते तशी बायकांची बाजू हसून हसून लोळते. वगाबद्दल मी फार लिहीत नाही, तो बराचसा टीव्हीवरच्या मालिकांच्या वळणावर गेला आहे. पण त्याआधी संकासुर येतो ते पाहण्यासारखं आहे. काळा पायघोळ झगा, उंच निमुळती टोपी, मुखवट्याला लांब पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. तो अंधारातून, लोकांच्या पाठीमागून येतो. घुंगूर आधी ऐकू येतात. पुराणात वेद पळवणारा आणि मत्स्यावतारातल्या विष्णूच्या हातून मरणारा हा असुर, आणि इथे मात्र म्हाताऱ्या त्याला हात जोडतात, नवस बोललेली बाई तान्हं पोर त्याच्या पायांवर ठेवते. रडणाऱ्या त्या पोराला तो उचलतो, आईकडे देतो, गिरकी घेतो आणि नाचाला लागतो. टोपीखालचा माणूस दिवसा ठाण्यात एका गोदामात वजनं उचलतो, हे मला ठाऊक आहे. आता या अंगणात ते कुणाच्याही लक्षात नाही.

मध्यरात्र उलटून गेल्यावर खेळ संपतो, भोंगे बंद होतात, जनरेटर थांबतो. मी ज्यासाठी आलो आहे ते यानंतरचं.

ते सांगण्याआधी थोडं दूर जावं लागेल. अमेरिकेत ब्लूग्रास नावाचं एक संगीत आहे, डोंगरमुलखातल्या शेतकरी-कामकरी माणसांचं. केंटकीचे बिल मन्रो १९३९ मध्ये आपले ‘ब्लू ग्रास बॉइज’ घेऊन नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात आले. १९४५ च्या अखेरीस तीन बोटांनी बँजो वाजवणारे अर्ल स्क्रग्ज त्यांना मिळाले आणि या संगीताचा घाट ठरला. पुढे १९६५ मध्ये कार्लटन हेनी यांनी व्हर्जिनियातल्या फिनकॅसल इथे घोड्यांच्या एका शेतावर त्याचा काही दिवसांचा महोत्सव भरवला, आणि माळावर तळ ठोकून ऐकण्या-वाजवण्याची रीत पसरली. तिथे हौशी कुटुंबं शाळेच्या जुन्या बस विकत घेतात, आत बिछाने आणि शेगडी बसवतात आणि गावोगावच्या महोत्सवांना जातात. रंगमंचावरचा कार्यक्रम झाला की गाड्यांमधल्या मोकळ्या जागेत कोंडाळी जमतात. फिडल, मँडोलिन, बँजो, गिटार. माइक नाही. चाल एकाकडून दुसऱ्याकडे फिरते, ज्याच्याकडे येते तो पुढे होतो, बाकीचे आवाज खाली घेतात. अनोळखी माणसाने वाद्य घेऊन येऊन बसलं तरी चालतं.

आंब्याखाली तसंच कोंडाळं होतं आहे. रंग पुसलेली, अर्धी मिशी अजून काळी असलेली माणसं गोधड्यांवर बसतात. चुलीत दोन लाकडं सारली जातात. आणि देवळाच्या बाजूने या गावचे खेळे येतात, पाहुण्यांना भेटायला, हातात स्वतःचे मृदंग घेऊन. त्यांच्यातला सर्वांत वयस्क माणूस, सगळे त्याला तात्या म्हणतात, आबांच्या समोर बसतो. नमस्कार, पानाचं ताट, पावसाची चौकशी. मग तात्या म्हणतात, "मघाशी गौळणीला जो ठेका धरलाव, तो जरा घ्या."

आबा घेतात. तात्या चार आवर्तनं ऐकतात, पाचव्यात मिसळतात. ऑक्टोपॅड गाडीत कुलपात आहे. आता नुसती कातडी, लाकूड आणि टाळ उरले आहेत, आणि दोन गावांच्या हातांमधला फरक स्वच्छ ऐकू येतो. आबांचं गाव चाल घाईने नेतं, डाव्या हाताची थाप उघडी. तात्या तीच चाल संथ ठेवतात आणि समेच्या अगोदर एक तोडा असा घालतात की टाळवाल्यांची मान आपोआप डोलते. आबा थांबतात.

"हा कुठला?"

"माझ्या आज्याचा. तो मंडनगडाकडं गेलेला कामाला, तिकडनं घेऊन आला."

"परत दाखवा."

तात्या दाखवतात. आबा करून बघतात, जमत नाही. सत्तरीचा माणूस चाळीस पोरांसमोर चुकतो आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. पुन्हा. आता जवळ आलं. चौदा वर्षांचा मुलगा दोघांच्या मध्ये घुसून बसला आहे, त्याची नजर तात्यांच्या करंगळीवर. गावातली एक पोरगी गडग्यावर बसून आहे. आबा तिला विचारतात, "बाय, वाजवतेस?" ती मान हलवते. तिच्या हातात टाळ येतात. अलीकडे तालुक्यात बायकांची नमनं उभी राहिली आहेत, त्याबद्दल दोन्हीकडचे लोक बोलू लागतात. एकजण म्हणतो संकासुर बाईने घेऊ नये. तात्या म्हणतात, "जो नाचवील त्याचा." वाद वाढत नाही, कारण पुढची चाल सुरू झालेली असते.

असं उजाडेपर्यंत चालतं. मधे कुणी माच्यावर जाऊन घटकाभर पडतो, परत येतो. पहाटे पेज होते, मिठाच्या खारातली कैरी तिच्यासोबत. मृदंगांना गवसण्या चढतात, कनाती गुंडाळल्या जातात, गावकार नारळ आणि बिदागीचं पाकीट संकासुराच्या पेटीवर ठेवतो.

उद्याची सुपारी मार्गताम्हाण्याकडची आहे आणि दुसरा मृदंगवाला रजा संपल्यामुळे आज रात्रीच्या गाडीने मुंबईला जाणार. आबा हे तात्यांना सहज सांगतात. तात्या काही बोलत नाहीत, घराकडे जातात. गाडी सुरू झाल्यावर ते वाटेत उभे दिसतात. काखेत मृदंग, हातात कपड्यांची पिशवी, मागे डोक्यावर पदर घेतलेली त्यांची बायको डब्यात घावणे घेऊन.

"दोन रात्री," ती डायवरला बजावते. "तिसऱ्या दिवशी माझ्या दारात आणून सोडायचं. गोळ्या पिशवीत हायत, जेवल्यावर द्या."

माच्यावर जागा नाही. पोरगा उठतो, तात्या त्याला पुन्हा खाली बसवतात आणि स्वतः कृष्णाच्या ट्रंकेवर टेकतात. शृंगारतळीच्या बाजारात गाडी भाजीसाठी थांबते तेव्हा ट्रंकेच्या पत्र्यावर आज्याचा तोडा वाजतो आहे. पोराला पहिला अर्धा जमला आहे. पुढच्या बाकावरून आबा मागे वळून न बघता म्हणतात, "दुसरी थाप लवकर पडते रे. परत घे."